चीफला विचारलं का?

आमच्या माण तालुक्यात फौजेचे हुद्दे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. नाईक, हवालदार, सुभेदार, सुभेदार मेजर. कुणाच्या दंडावर किती फिती आहेत, हे पारावरची म्हातारी माणसं एसटीतून उतरणाऱ्या जवानाकडं लांबूनच बघून सांगतात. नौदलाचं गणित मात्र त्यांना कधी जमलं नाही. सुट्टीवर गेलं की प्रश्न ठरलेला: "मंजी तू हवालदार का सुभेदार?" माझ्या बाहीवर चांगल्या वर्तणुकीची तिसरी पट्टी लागली, तेव्हा गावानं मला परस्पर हवालदार करून टाकलं. त्या पट्ट्यांचा हुद्द्याशी संबंध नसतो, हे सांगून सांगून थकलो आणि शेवटी गप्प बसलो.

तेव्हा आधी उतरंड सांगून टाकतो. भरती झालेला पोरगा सीमन होतो, दुसऱ्या वर्गाचा आणि मग पहिल्या वर्गाचा. त्यानंतर लीडिंग. त्याच्या बाहीवर एक नांगर येतो. फौजेच्या हिशेबात तो नाईक. मग पेटी ऑफिसर. एकमेकांना छेद देणारे दोन नांगर, वर अशोकस्तंभाचे सिंह. हा हवालदाराच्या बरोबरीचा. पुढं चीफ पेटी ऑफिसर म्हणजे नायब सुभेदार, मास्टर चीफ दुसऱ्या वर्गाचा म्हणजे सुभेदार, आणि मास्टर चीफ पहिल्या वर्गाचा म्हणजे सुभेदार मेजर. शिडी इथं संपते. त्यापुढं, नशीब आणि नोकरी दोन्ही चांगली असतील, तर २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला जाहीर होणाऱ्या यादीत मानद सब लेफ्टनंट किंवा मानद लेफ्टनंट म्हणून नाव येतं. मधल्या काळात परीक्षा आणि निवड मंडळाच्या मुलाखती देऊन अधिकारी होणारेही असतात, पण ती वाट वेगळी.

हे सगळं तक्त्यात बसतं. तक्त्यात बसत नाही ती गोष्ट अशी, की चीफची भरती करता येत नाही. नौदल जहाज विकत घेऊ शकतं, माझगाव गोदीत बांधू शकतं, अधिकारी अकादमीतून काढू शकतं. पण पंधरा-अठरा वर्षं इंजिनाशेजारी काढलेला माणूस हवा असेल, तर तो पंधरा-अठरा वर्षांपूर्वीच कुणीतरी भरती करून, शिकवून, टिकवून ठेवलेला असावा लागतो. आज जहाजावर जो चीफ उभा आहे, तो जुन्या कुठल्यातरी निर्णयाचं फळ आहे. या लेखात मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

मी इंजिनवाला. ओडिशातल्या चिल्का सरोवराच्या काठी आयएनएस चिल्कावर कवायत शिकलो, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर यंत्रांचं शिक्षण. १९४५ पासून नौदलाचे इंजिनवाले तिथंच घडतात. विजेचं काम करणारे जामनगरला वलसुरावर जातात, तोफखान्याचे कोचीला द्रोणाचार्यवर, कारकून आणि स्वयंपाकी मालाडला हमलावर. लोणावळ्याच्या पावसात वर्ग करून जेव्हा जहाजावर आलो, तेव्हा पुस्तकातला बॉयलर मला पूर्ण पाठ होता. खरा बॉयलर कसा असतो, ते एका चीफनं दाखवलं.

जहाज नीलगिरी वर्गातलं होतं. माझगाव गोदीत बांधलेल्या या वर्गात सहा फ्रिगेट होत्या. पहिली १९७२ साली नौदलात आली. दोन बॉयलर, दोन टर्बाईन, दोन शाफ्ट, सगळा कारभार वाफेवर. वाफेच्या जहाजाचा जीव बॉयलरच्या पाण्यात असतो. हे पाणी शुद्ध, वाफ गार करून मिळवलेलं. त्याची वाफ टर्बाईन फिरवते, मग कंडेन्सरमध्ये जाते, तिथं हजारो बारीक नळ्यांमधून समुद्राचं पाणी वाहत असतं, त्या गारव्यानं वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते बॉयलरकडं परत जातं. म्हणजे बाहेर खारा समुद्र, आत शुद्ध पाणी, आणि दोघांमध्ये पातळ धातूची एक भिंत. एका नळीला टाचणीएवढं भोक पडलं, तरी मीठ बॉयलरमध्ये पोहोचतं. तसंच चालू ठेवलं तर बॉयलरच्या नळ्या आतून खराब होऊन फुटतात.

म्हणून ठरावीक वेळानं पाण्याचा नमुना घ्यायचा, परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. दुधाळ झालं तर मीठ आलं. एका रात्री मिडल वॉचला, म्हणजे बारा ते चारच्या पाळीत, नमुना किंचित दुधाळ दिसला. पेटी ऑफिसरनं बघितलं आणि चीफला उठवायला माणूस पाठवला. चीफ आले. नळीकडं बघितलंही नाही. म्हणाले, "हात धू. घामातही मीठ असतं." इंजिन रूमच्या उकाड्यात आम्ही सगळेच निथळत होतो. मी हात धुतले, नळी शुद्ध पाण्यानं तीनदा विसळली, नवा नमुना घेतला. पुन्हा दुधाळ. मग चीफनी स्वतः एक घेतला. तोही दुधाळ. तेव्हा कुठं त्यांनी टेलिफोन उचलला.

पुढचं संभाषण मला अजून शब्दशः आठवतं, कारण सगळी नोकरी मी त्याची नक्कल करत आलो. जहाज ताफ्याबरोबर सरावात होतं. एका बाजूचं इंजिन थांबवायचं म्हणजे वेग निम्म्यावर, म्हणजे कॅप्टनला ताफ्याच्या प्रमुखाला कळवावं लागणार. इंजिनिअर अधिकारी तरुण होते, सकाळपर्यंत रेटता येईल का म्हणाले. प्रश्न चुकीचा नव्हता. तो विचारणं त्यांचं कामच होतं. चीफ म्हणाले, "सर, आत्ता एक थांबवलं तर उद्या दोन्ही चालतील. नाही थांबवलं तर उद्याचं मी काही सांगू शकत नाही." आवाज चढवला नाही, पुस्तकाचा हवाला दिला नाही. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही, मग उत्तर आलं, "ठीक आहे चीफ, थांबवा."

शाफ्ट लॉक केला. समुद्राच्या पाण्याचे व्हॉल्व्ह बंद केले, कंडेन्सरची झाकणं उघडली. वाफेच्या बाजूनं पाणी भरलं आणि कोरड्या केलेल्या नळ्यांच्या तोंडाशी टॉर्च घेऊन बसलो. हजारो तोंडं, मधमाशांच्या पोळ्यासारखी. कुठल्या तोंडातून थेंब येतो ते बघायचं. चीफ बोट फिरवत एकेक ओळ वाचत होते. एका नळीशी बोट थांबलं, त्यावर ओल आली. दोन्ही टोकांना बूच ठोकलं, झाकणं लावली, पुन्हा चाचणी. सकाळी दोन्ही इंजिनं फिरत होती. लॉगबुकात या रात्रीची नोंद दोन ओळींत संपली आहे.

चीफचं अर्धं काम या गोष्टीत आलं. वरचा हुकूम खाली नेणं कुणालाही जमतं. खालचं सत्य वर नेणं, तेही वरच्याचा मान राखून आणि सत्य पातळ न करता, हे जमायला वर्षं जातात. अधिकारी जहाजावर वर्ष-दोन वर्षं असतो, मग त्याची बदली. त्याला सगळं जहाज समजून घ्यायचं असतं. चीफला त्याचं एक खातं समजायचं असतं, पण तळापर्यंत. म्हणूनच चांगला कॅप्टन कुठलाही प्रस्ताव समोर आला की आधी एकच विचारतो: "चीफला विचारलं का?"

उरलेलं अर्धं काम माणसांचं. जहाजाचा दिवस सात पाळ्यांत वाटलेला असतो. चार-चार तासांच्या पाच, आणि संध्याकाळी चार ते आठमध्ये दोन-दोन तासांच्या दोन. यांना डॉग वॉच म्हणतात. सहा समान पाळ्या ठेवल्या असत्या, तर ज्याच्या वाट्याला मध्यरात्र आली त्याला ती रोजच आली असती. सात केल्या की पाळी आपोआप पुढं सरकते. ही युक्ती शिडाच्या जहाजांपासून चालत आली आहे. पण पाळ्यांच्या तक्त्यात नावं भरतो तो चीफ. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाचा बाप दवाखान्यात आहे, कोण लिबर्टीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या सुट्टीवर, गेला की वेळेवर परत येत नाही, कोणत्या दोघांना एका पाळीत ठेवलं तर भांडतील, हे सगळं त्याला तक्ता भरताना माहीत असावं लागतं. रजेचा अर्ज अधिकाऱ्यापुढं जाण्याआधी चीफपुढं येतो. मी मास्टर चीफ झाल्यावर माझ्याकडं बिघडलेले पंप कमी आणि बिघडलेले संसार जास्त यायला लागले. पंपाला निदान गॅस्केट बदलता येतं.

ही मधली कडी तुटली तर काय होतं, ते मुंबईनं पाहिलं आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या एचएमआयएस तलवार या दळणवळण शाळेत खलाशांनी अन्नावर बहिष्कार टाकला. निकृष्ट जेवण, गोऱ्यांच्या तुलनेत कमी पगार आणि कमांडर किंग या अधिकाऱ्याची शिवीगाळ ही ठिणगी होती. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांवरचे खटले हे मोठं कारण. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० खलाशी संपात उतरले. मुंबईच्या गिरणगावानं त्यांना साथ दिली, रस्त्यावर गोळीबार झाला, दोनशेहून अधिक नागरिक मेले. २३ फेब्रुवारीला संप मागं घेतला गेला. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे लीडिंग सिग्नलमन आणि उपाध्यक्ष मदन सिंग पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट. म्हणजे मधलेच हुद्दे. नोकरीतल्या माणसाच्या नजरेनं मी हा इतिहास वाचतो, तेव्हा मला दिसतं ते असं: ज्यांचं काम खालचं गाऱ्हाणं वर पोहोचवण्याचं होतं, त्यांचं वर कुणी ऐकेना. मग त्यांनी ते सगळ्या देशाला ऐकवलं.

त्याच हुद्द्यांनी पुढं पराक्रमही केला. १९७१ च्या युद्धात बांगलादेशच्या किनाऱ्यावर मुक्तिवाहिनीच्या बोटींबरोबर लढलेले चिमण सिंह यादव लीडिंग सीमन होते. जखमी अवस्थेतही साथीदारांना वाचवण्यासाठी ते लढले आणि महावीरचक्राचे मानकरी ठरले. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याबरोबर १७ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. त्या १७६ मध्ये कितीतरी जण असे असतील ज्यांनी पंधरा-पंधरा वर्षांत गोळा केलेलं ज्ञान कुठल्याच पुस्तकात उतरवलेलं नव्हतं.

आता आजचं. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश मुलांना पुढं कायम करायचं. मार्च २०२३ मध्ये चिल्कातून पहिली तुकडी बाहेर पडली, सुमारे २,६०० अग्निवीर, त्यात २७० हून अधिक मुली. नौदलात मुली खलाशी म्हणून आल्या त्या पहिल्यांदाच. या योजनेवर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक बहुतेक वेळा जे बाहेर पडतील त्यांच्याबद्दल बोलतात: त्यांना काम मिळेल का, पेन्शनचं काय. ते प्रश्न खरे आहेत. पण इंजिन रूममधून बघणाऱ्याला आत राहणाऱ्यांची काळजी जास्त वाटते. चार वर्षांत पोरगा यंत्र चालवायला शिकतो. यंत्र कधी चालवू नये, हे शिकायला त्याला आणखी दहा वर्षं लागतात, आणि ती दहा वर्षं शेजारी उभं राहून हात धुवायला सांगणारा कुणीतरी लागतो. कायम करताना निव्वळ परीक्षेतले गुण बघितले, तर हुशार पोरं मिळतील. मला निवड मंडळावर बसवलं असतं, तर मी त्या पोराच्या चीफला एवढंच विचारलं असतं की रात्री दोन वाजता नमुना दुधाळ दिसला तर हा तुम्हाला उठवेल, की सकाळची वाट बघेल?

यंत्रं बदलली आहेत. गॅस टर्बाईनवाल्या जहाजाला निघायला बॉयलरसारखे तास लागत नाहीत. २०२२ साली नौदलात आलेल्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर २,००० हून अधिक कप्पे आहेत आणि त्याच्या यंत्रांवर पडद्यावरून नजर ठेवता येते. नव्या पोरांना पडदा आमच्यापेक्षा लवकर कळतो, याचा मला आनंदच आहे. पण पडदा आकडा दाखवतो, आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते दाखवत नाही.

४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्गला झालेल्या नौदल दिनाच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेनुसार नावं देण्याची घोषणा केली. माझ्या गावची म्हातारी माणसं सुखावतील; कदाचित त्यांचा हवालदार-सुभेदाराचा घोळ एकदाचा मिटेल. हुद्द्याला नाव कुठलंही द्या, माझी हरकत नाही. चिल्कातून निघालेल्या त्या पहिल्या मुलींपैकी जी टिकेल, ती २०४० च्या पुढं कधीतरी मास्टर चीफ होईल. तिला घडवण्याचं काम तेव्हा सुरू करून चालणार नाही. ते आत्ता, आज तिच्या पाळीवर जो चीफ आहे, त्याच्या हातात आहे. त्याला रजा वेळेवर मिळते का, त्याचं म्हणणं अधिकारी ऐकून घेतात का, शिकवायला त्याच्याकडं वेळ उरतो का, यावर पुढच्या वीस वर्षांचं नौदल ठरेल. नौदलाचं अंदाजपत्रक आलं की वर्तमानपत्रं किती जहाजं येणार ते छापतात. ती चालवायला चीफ किती तयार होत आहेत, हेही त्याच बातमीत कुणी विचारलं तर बरं होईल.