मंडुव्याची आंबील

आई गेल्यावर वडील आमच्याकडे रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहावयास आले. दुखण्यातून नुकतेच उठलेले. पातळ आंबिलीखेरीज काही घशाखाली उतरेना. दिल्लीत नाचणी मिळते ती गढवालचा मंडुवा म्हणून. ती भिजवली, फडक्यात बांधली, मोड आणले; पण कचेरीच्या घाईत ओले मोड तव्यावर परतून वाळवले. आंबील खळीसारखी झाली. वडिलांनी दोन घोट घेऊन वाटी मुकाट्याने सरकवली.

चिपळूणच्या आत्याबाई फोनवर रागावल्या, "अरे, ओल्या मोडांना विस्तव दाखवतात का?" मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारे विकर निपजते, ओलेपणीच भाजले की ते मरते, मग आंबील पातळ व्हायची कोठून? नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेची. युगांडातील तेसो लोक तिचे 'अजोन' नावाचे मद्य करतात. आंबवलेला लगदा ते खुशाल भाजतात. मोडांचे पीठ मात्र उन्हात वाळवलेले, आणि तेही भाजणे उरकल्यावरच मिसळतात. (चिपळुणाने हे त्यांना कळविले नसावे!)

पुढच्या खेपेस मोड सावलीत दोन दिवस वाळू दिले. वडिलांनी वाटी संपवली. "हे पीठ तुझ्या आईच्या डब्यातले का रे?" त्यांनी विचारले. आम्ही हो म्हटले.