दुसरी किल्ली

कोषालयातील नोकरीने माणसास एक खोड लागते, ती किल्ल्यांची. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेतील आमचा बहुतेक काळ कोषालयांतच गेला. तेथील स्ट्राँगरूमला दोन कुलुपे असत आणि त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या माणसांच्या ताब्यात. त्याखेरीज किल्ल्यांचा एक जादा संच मोहोरबंद करून दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला असे. तो वर्षातून एकदा मागवावयाचा, लाख फोडून किल्ल्या तपासावयाच्या आणि नवी मोहोर लावून परत रवाना करावयाचा. तरुणपणी आम्हांस हा निव्वळ कागदी सोपस्कार वाटे. जी किल्ली कधी लागतच नाही, तिची एवढी सरबराई कशाला, असे आम्ही एकदा बोलूनही दाखविले होते.

एवढी वर्षे हे करूनही घरी आम्ही त्याचा उपयोग केला नाही, याची ही हकीकत आहे.

१९९४ च्या दिवाळीत आम्ही आईचा आवाज दोन कॅसेटांवर भरून घेतला होता. आई बऱ्हाणपूरची. लग्न होऊन ती खांडव्यास गाडी बदलून, छोट्या लाईनने, पाताळपाणीच्या घाटातून इंदुरास आली, त्या प्रवासाचे वर्णन पहिल्या कॅसेटवर होते. दुसरीवर जात्यावरच्या ओव्या, आणि मध्येच, "अरे, ते यंत्र बंद कर आता, वीज जळते," हे वाक्य. २००३ मध्ये आई गेली. २०१० साली चिरंजीवांनी दोन्ही कॅसेटा संगणकावर उतरवून दिल्या, आणि तीन वर्षांनी घरास रंग देताना त्या भंगारात गेल्या. त्या आम्हीच आमच्या हाताने दिल्या. आता सर्व संगणकात आहे, असे आम्ही त्या वेळी मोठ्या समाधानाने म्हटल्याचे सौ. यांना अद्याप आठवते आणि त्या आठवण करूनही देतात.

२०२० च्या पावसाळ्यात एका सकाळी संगणक सुरू करताच आतून टक्‌टक्‌ असा आवाज येऊ लागला. हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या मिनिटास हजारो फेरे घेत असतात आणि वाचणारे टोक त्यांस न शिवता केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी अंतरावर तरंगत असते. ते टोक तबकडीस टेकले की लिहिलेले खरवडून निघते. एका जाणकाराने ती डिस्क दीड महिना ठेवून घेतली, आणि काहीही निघाले नाही असे सांगून परत केली. त्याने पैसे घेतले नाहीत, एवढी सज्जनता दाखविली.

नातवाच्या बारशाची, आमच्या निवृत्तीच्या समारंभाची छायाचित्रे गेली, त्याचे दुःख आम्ही पंधरा दिवसांत गिळले. वडिलांच्या मोडी कागदांच्या प्रती गेल्या, पण मूळ कागद ट्रंकेत होते. आईचा आवाज मात्र कोठेच नव्हता. मग बडोद्याच्या आतेबहिणीस आठवले की, २०११ साली आम्ही तिला एक सीडी पाठविली होती. ती तिच्या शोकेसमध्ये देवीच्या आरत्यांच्या सीडींत सापडली. दुसऱ्या कॅसेटची बावीस मिनिटे त्यातून निघाली. पहिली कॅसेट यंत्रास वाचताच येईना. आई पाताळपाणीच्या घाटात काय पाहून भ्याली होती, हे आता आम्हांस निश्चित आठवत नाही. बोगदा होता की माकडे, यावर आम्हां भावंडांत मतभेद आहेत.

पुण्याहून चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, आता तरी नॅस घ्या." शेजारी बसलेल्या सौ. यांना ते 'नास' असे ऐकू आले. त्या म्हणाल्या, "अहो, झाला तेवढा पुरे नाही का?"

नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. डब्याएवढी पेटी, तिच्यात एक, दोन वा चार डिस्का; ती तारेने घरच्या राउटरला जोडावयाची, म्हणजे घरातील प्रत्येक संगणक आणि मोबाइल ठरल्या वेळी आपापली प्रत तिच्यात आपण होऊन टाकतो. 'आपण होऊन' हे तिचे खरे मोल. ज्या कामासाठी रविवारी आठवण ठेवावी लागते, ते काम तिसऱ्या रविवारी होत नाही, हे आम्ही नुसत्या बाह्य डिस्कच्या प्रयोगात पाहिले होते.

२०२१ च्या हिवाळ्यात आम्ही आर. एन. टी. मार्गावरील संगणकांच्या दुकानांत हिंडलो. एक मुलगा म्हणाला, "अंकल, क्लाउड ले लो, झंझट ही खत्म." सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. परंतु गूगलने छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण त्याच वर्षी १ जूनपासून बंद केली होती. आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास दरसाल भाडे भरावयाची धास्ती वाटते. आमच्यामागून ते कोण भरील? भाडे थकले तर आतील वस्तूंचे काय? चिरंजीवांनी जुन्या संगणकावर फुकटची प्रणाली बसवून नॅस करण्याचाही मार्ग सांगितला. तो त्यांच्यासाठी ठीक. रात्री अकरास काही बिघडले, तर दुरुस्त करावयास आम्ही येथे आणि ते पुण्यास.

शेवटी सायनॉलॉजी या तैवानी कंपनीची दोन डिस्कांची पेटी ठरली. एका डिस्कची पेटी स्वस्त होती, पण ती डिस्क गेली की सर्व गेले. म्हणजे जुनाच प्रसंग नव्या डब्यात. चार डिस्कांची आमच्या संसारास मोठी. दोहोंपैकी प्रत्येक डिस्क चार टेराबाइटची, आणि दोन्हींवर एकच मजकूर, म्हणून जागा आठ नव्हे, चारच. त्यातही संगणक ३.६३ दाखवितो. आम्ही हिशेबी माणूस, तडक दुकानात गेलो. तेव्हा कळले की, डिस्क बनविणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या. लेखापरीक्षणात असा फरक आला असता, तर आम्ही दोघांचाही जबाब मागितला असता.

डिस्का घेताना मात्र वाचनाचा उपयोग झाला. काही डिस्कांत मजकुराच्या पट्ट्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. त्यामुळे जागा अधिक मिळते, पण जुन्या जागी फिरून लिहावयाचे झाल्यास शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. जोडीतील एक डिस्क बदलून नवी भरताना हे काम फार रेंगाळते. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कांतही ही पद्धत असल्याचे २०२० साली उघड झाले आणि बरीच ओरड झाली. तेव्हा आम्ही साध्या पद्धतीच्या डिस्का मागून घेतल्या. पेटीपेक्षा या डिस्कांनाच अधिक पैसे पडले. शिवाय यूपीएस घेतला. वीज गेल्यास तो तारेने पेटीस कळवितो आणि पेटी लिहिणे आटोपून बंद होते.

डिस्का जोडीने लावण्याच्या या रीतीस रेड म्हणतात. १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी हे नाव दिले, तेव्हा त्यातील एका अक्षराचा अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे तो 'स्वतंत्र' असा झाला. आमच्या खिशास पहिला अर्थ जवळचा.

पेटी आली, दिवाणखान्यात घुमू लागली, आणि आम्ही निश्चिंत झालो. ही निश्चिंती १९९४ च्या कॅसेटांसारखीच होती, हे ध्यानात यावयास एक चूक घडावी लागली. आवराआवर करताना आमच्या हातून संगणकावरचा नव्हे, तर पेटीतलाच एक फोल्डर पुसला गेला. तो दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसला गेला. आरसा तो, आपण तोंड फिरविले की तोही फिरवितो. पेटी दररोज मागील स्थितीची खूण राखून ठेवते, ती सोय चिरंजीवांनी चालू केली होती म्हणून फोल्डर परत आला. पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. चोरी झाली तर? दिवाणखान्यात पाणी शिरले तर? जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या, इंटरनेटवर उघड्या असलेल्या पेट्यांत शिरून खंडणीखोरांनी आतील सर्व कुलूपबंद केल्याचे आम्ही वाचले. आम्ही आपली पेटी बाहेरून दिसणार नाही अशी करून घेतली. तरीही दोन्ही डिस्का एका डब्यात, एका छताखाली. दोन कुलुपे होती. दुसऱ्या गावची किल्ली नव्हती.

देवास येथून पस्तीसेक किलोमीटरांवर. तेथे आमची थोरली बहीण राहते. पेटीची पूर्ण प्रत एका बाह्य डिस्कवर घेऊन ती ताईच्या कपाटात, पुरणयंत्राच्या खोक्यात ठेवली. मग आमच्यातील कोषालय अधिकाऱ्यास शंका आली की, नवी प्रत करण्यासाठी ती डिस्क इंदुरास आणली म्हणजे तेवढे दिवस देवासला काहीच उरत नाही. म्हणून अशा दोन डिस्का केल्या. दर तीन महिन्यांनी एक जाते, एक येते. "तुझी सरकारी नोकरी अजून संपली नाही वाटतं," असे ताई म्हणते, पण खोके जागचे हलू देत नाही.

एप्रिलमध्ये पूर्ण तपासणी. डिस्क जोडून तिच्यातील दहा फायली मनास येतील तशा उघडावयाच्या. २०२४ साली त्यांतील एक छायाचित्र उघडेना. पेटीत ते शाबूत होते, तेथून पुन्हा उतरविले. अकरावी फाईल ठरलेली, आईची. खरे म्हणजे आरंभीचे चार क्षण ऐकले तरी तपासणी पुरी होते. पण सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत येतात आणि म्हणतात, "अहो, थोडा मोठा करा ना." मग बंद करता येत नाही. चौदाव्या मिनिटास आई यंत्र बंद करावयास सांगते, तेथपर्यंत आम्ही ऐकतो.

त्यानंतर डिस्क पाकिटात घालावयाची, वर तारीख आणि सही. रविवारच्या बसने ती देवासला जाते.