मयताच्या दारी भाव विचारावा

वाचकहो, एक प्रश्न विचारतो. घरात मयत झाले असताना “याचे एकूण किती होतील?” असे तुम्ही कुणाला आधी विचारले आहे काय? नाही ना? मीही कधी विचारले नव्हते. न विचारल्याने काय होते ते मागच्या माघात थेरगावात पाहिले, म्हणून आज तुमच्यापुढे हे गाऱ्हाणे घेऊन बसलो आहे.

माझी धाकटी आत्या थेरगावला दिलेली. आमचे गाव वर पवन मावळात, तिचे खाली. नदी एकच, पवना. आत्याचे लग्न झाले तेव्हा पिंपरीला कारखाने येऊन काही वर्षे झाली होती, पण थेरगाव अजून खेडेच होते. नदीकाठी ज्वारी आणि भाजीपाला होई. पुढे 1982 साली पिंपरी-चिंचवड महापालिका झाली, वस्ती वाढली, आणि आता तिथे शेत शोधावे लागते. मामांची जमीन थोडी वाटणीत गेली, थोडी विकली गेली. आतेभाऊ एका कारखान्यात कंत्राटावर आहे. दोन खोल्यांचे घर, हाताशी बेताचा पैसा.

मामा खासगी दवाखान्यात रात्री अकराला गेले. मी पोचलो तेव्हा आतेभाऊ पायरीवर बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी, हातात मोबाइल. खर्चाचे मी पाहतो, असे मीच त्याला म्हणालो. तिथेच चुकलो, कारण मला पाहता येत नव्हते.

आमच्या गावाकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मयत झाले की भावकी न बोलावता गोळा होते. कुणी कळक तोडतो, कुणी सुतळी आणतो, कुणी मडके. घरटी एक लाकूड आणि पाच गोवऱ्या येतात. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून भाकरी येते. पैसा लागतो तो कापडाला आणि गुलालाला. त्यामुळे मरणात भाव विचारायचा असतो, हे आम्हाला कुणी शिकवलेलेच नाही.

गाडीवाला म्हणाला, “बाराशे.” मी हो म्हणालो. दारात मयत उतरवल्यावर त्याने हिशेब सांगितला. दवाखान्यापाशी थांबल्याचे एक हजार, बर्फाच्या पेटीचे एक हजार, जिन्यावरून उतरवल्याचे सहाशे. बाराशेचे 3,800 झाले. मृत्यूच्या कारणाचा दाखला हातात देताना एका माणसाने 500 रुपये घेतले, पावती नाही. सकाळी दुकानात “सगळे साहित्य साडेतीन हजारांत” म्हणाले. घरी सोडून पाहिले तर त्यात तूप नाही, गोवऱ्या नाहीत, मडकेही नाही. वरचे 1,900 गेले. स्मशानात पावतीने जे घेतात त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लाकडे रचून देणाऱ्याने अग्नी दिल्यावर 1,500 मागितले. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. विधीचे 2,100 ठरले होते, पण पाटावर बसल्यावर तीन दाने वेगळी निघाली, त्यांचे 1,500.

मी हे सगळे वहीत लिहीत होतो. आधी सांगितले होते 6,800 आणि गेले 14,800. मंडळी, रात्री-अपरात्री मयताला हात लावणारा माणूस फुकट राबावा असे मी म्हणत नाही. त्याची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. दुखले ते एवढेच, की प्रत्येक वेळी आकडा कळला तो माघारी फिरता येणार नाही अशा जागी. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते यालाच. आणि खाऊ देणारा मीच. “मामांच्या मढ्यापाशी घासाघीस कशी करायची?” या लाजेने माझी जीभ उचलली नाही.

हे पैसे कुठले, ते मला तिसऱ्या दिवशी कळले. नातीला बारावीनंतर नर्सिंगला घालायचे म्हणून आत्याने डब्यात तीस हजार जमवले होते. त्यातले निम्मे गेले होते.

त्याच संध्याकाळी मांडववाला आला. दशक्रियेला मांडव, खुर्च्या, साउंड, फोटोचा मोठा फ्लेक्स, प्रवचनकार, आलेल्यांना जेवण, असे सगळे तो बोटे मोडत सांगू लागला. आतेभाऊ मान हलवत होता. थेरगावात आजकाल दहावा म्हणजे लग्नासारखाच; शेजारच्याने केला तसा आपण नाही केला तर लोक काय म्हणतील, ही धास्ती.

आतून आत्या आली. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “बाळा, समद्याचं मिळून किती? एकदाच सांग. मागनं काय न्हाई.”

तो म्हणाला, “आजी, तुम्ही कशाला विचार करता? पैशाचं मागून बघू.”

“मागनं बघायचं म्हनूनच आत्ता इचारते. चाळीस वर्सं पिंपरीच्या मंडईत मेथी इकली म्या. भाव न सांगता जुडी दिली तर गिऱ्हाईक घेतंय व्हय?”

त्याने मग आकडे मांडले. बेरीज 46,000 झाली. आतेभाऊ हळूच म्हणाला, “आई, लोक नावं ठेवतील.” आत्या म्हणाली, “लोक धा दिस बोलत्याल. पोरीचं वरीस गेलं तर ते कोन भरून देनार?”

वाचकहो, आम्ही घरात चार शिकलेले पुरुष होतो. भाव विचारला तो नवऱ्याच्या दुखवट्यात बसलेल्या म्हातारीने. मामांवर तिची माया आमच्यापेक्षा कमी होती काय?

दहावा झाला, नीट झाला. घाटावर पिंडाला कावळा शिवला. आमच्या गावच्या भजनी मंडळाने पैसा न घेता अभंग म्हटले. मावळातून भाकरी-पिठल्याच्या पाट्या आल्या. सगळे मिळून नऊ हजारांत भागले. आत्याने सोयऱ्यांना आधीच निरोप धाडला होता, “टोपी-टॉवेल आणू नका. द्यायचंच आसंल तर तेवढं पैसं नातीच्या फीला द्या.” कुणाला राग आला नाही. उलट दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितले की आमच्या घरीही आता असेच करू. नात आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

गाडगे महाराज जन्मभर कीर्तनातून हेच सांगत हिंडले, की देवाच्या नाहीतर मयताच्या नावाने कर्ज काढून जेवणावळी घालू नका. ते 1956 साली गेले. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि दहाव्याला सावकाराची पायरी चढतो.

घरी आल्यावर मी एका जाणत्या वकिलांना भेटलो. त्यांनी सांगितलेले तुम्हीही ध्यानात ठेवा. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला फी न घेता द्यायचा, असे 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. 21 दिवसांच्या आत नोंद केली तर विलंब शुल्क पडत नाही, आणि नोंद झाल्यावरचा पहिला उतारा फुकट मिळतो. अंत्यविधी, स्मशान आणि मयत वाहून नेणे या सेवांवर जीएसटी नाही. बिलात कुणी लावला तर काढायला सांगा. मांडवाची गोष्ट वेगळी, त्यावर कर असतो. रुग्णवाहिकांनी करोनात लोकांना नाडले तेव्हा, सप्टेंबर 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना वाजवी दर ठरवायला सांगितले होते. म्हणजे दर विचारणे हा आपला हक्कच आहे, त्यात कसली लाज?

आणि माझ्या अनुभवाचे सांगतो. पैशाचा व्यवहार सुतकातल्या माणसाकडे देऊ नका. भावकीतला एखादा थंड डोक्याचा, हिशेबी माणूस पुढे करा. गाडी हलण्याआधी “थांबणे, पेटी, जिना, सगळे धरून किती?” असे विचारा आणि ते कागदावर घ्या. साहित्य दुकानातच सोडून पाहा. विधीची दाने-दक्षिणा पाटावर बसण्याआधी ठरवा. शहरात महापालिकेची शववाहिनी आहे का, हे खासगी गाडी करण्याआधी विचारा.

मी स्वतःपुरते एक केले आहे. माझ्या दहाव्याला काय करायचे आणि काय नाही, ते एका कागदावर लिहून सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ट्रंकेत ठेवले आहे. थोरल्याला वाचून दाखवले तेव्हा तो रागावला, “कशाला असलं अभद्र बोलता, आबा?” म्हणाला. सूनबाईने मात्र कागद घेतला, नीट घडी घातली आणि म्हणाली, “राहू द्या. माझ्याजवळ राहील.”