भीतीचा पंचनामा

प्रिय दादा,

वहिनी सांगत होती, लाईट रात्रीची असली की तू आता दारं धरायला जातच नाहीस. दिवसाही उसाचं पाचट वाजलं तरी घाम फुटतो म्हणे. त्या रात्री वळणावर बिबट्यानं मोटरसायकलवर झेप घेतली त्याला वर्ष होत आलं, पोटरीची जखमही भरली. शेळी गेली तर वनखातं पंचनामा करतं, भीतीचा करायला कुणी येत नाही. आपल्याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ ला दरडीखाली माळीण गाडली गेली, १५१ माणसं गेली. वाचलेल्यांना २०१७ मध्ये आमड्याला नवी घरं मिळाली. तिथलं कुणी पावसाच्या आवाजानं दचकलं तर आपण त्याला भित्रा म्हणतो का? मग स्वतःला का म्हणतोस?

उपचाराला दर आठवड्याला पुण्याला कोण येणार, हे तुझं खरंच. पण ब्रिटनमध्ये अशाच एखाद्या घटनेनं हादरलेल्या १९६ जणांची चाचणी झाली. थेरपिस्टच्या थोड्याशा मदतीनं घरबसल्या करायचा 'स्प्रिंग' हा कार्यक्रम समोरासमोरच्या उपचाराच्या तोडीचा ठरला, असं २०२२ मध्ये छापून आलं.

मात्र ऑनलाइन म्हणजे सगळं सारखं नव्हे. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या चाचणीत २१७ जण होते. काहींना ताण हलका करायच्या युक्त्या शिकवल्या. काहींना त्या आठवणीतच उतरवलं: तेव्हा काय वाटलं, आज काय माहीत आहे, त्या जागी परत गेल्यावर काय दिसतं. थेरपिस्ट दोन्हीकडं होता, फरक दोघांनाही पडला. आठवणीत उतरलेल्यांना जास्त. तू मोबाइलवर श्वासाचे व्यायाम करतोस ते चांगलंच, पण तेवढ्यावर थांबू नकोस.

आता आपली अडचण. अपघात होऊन जातो. आपला बिबट्या उसातच आहे. शहरातला थेरपिस्ट 'धोका संपला' म्हणाला तर त्याला जुन्नर-आंबेगाव समजावून सांग. रात्री एकट्यानं न जाणं हे शहाणपण. भर दुपारी, चौघं सोबत असताना त्या वळणावर पाय न उचलणं हा आजार. उपचार याच्यावर हवा.

ते कार्यक्रम तिकडचे, इंग्रजीतले. तू आधी टेली-मानसला १४४१६ वर फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास चालू असतं. पुढं व्हिडिओ कॉलवर कुणी मिळालं की सरळ विचार: त्या रात्रीच्या आठवणीवर काम करणार, की नुसता धीर देणार?

घरात रेंज नाही म्हणून देवळाच्या ओट्यावर बसून बोलू नकोस, चार कान लागतात. मंचरला मावशीची वरची खोली रिकामीच असते. तिला सांगून ठेवलंय, कशासाठी ते सांगितलेलं नाही.

तुझी,
बहीण