वऱ्हाडचा करंडक

वऱ्हाड म्हटले की पुण्यामुंबईकडच्या माणसाला कापसाच्या गाड्या, तुरीची शेते आणि वैशाखातले ऊन एवढेच आठवते. क्रिकेटचा करंडक शोधायला कुणी त्या मुलखात जाईल, हे त्याला खरे वाटायचे नाही. मी मात्र नेमक्या त्याच कामासाठी गेलो. रणजी करंडकावर विदर्भाचे नाव तीनदा कोरले गेले. त्यात नागपूरच्या पश्चिमेकडील या दोन शहरांचा वाटा किती, हे मला पाहायचे होते.

मोठ्या गाड्या बहुधा बडनेऱ्याला थांबतात; तेथून अमरावती हाकेच्या अंतरावर. अंबादेवीचे दर्शन घेऊन मी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे वळलो. वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेले हे रोप. याच आखाड्यातली मंडळी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी गेली आणि तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आली! क्रिकेटचे वेड लागण्यापूर्वीच या गावाला मातीत घाम गाळण्याची सवय होती, ती अशी.

रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४ साली. तेव्हा हा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे. नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू इंदूरला होळकर महाराजांच्या पदरी गेले आणि होळकर संघाने हा करंडक चार वेळा जिंकला. माणूस आमचा, करंडक त्यांचा, असा तो प्रकार! पुढे १९५६ साली विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. राज्य एक झाले, पण क्रिकेटच्या चुली तीन राहिल्या: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ स्वतःच्या नावाने उतरू लागला. नंतरची साठ वर्षे मात्र करंडक दुसऱ्यांच्याच घरी गेला. मुंबईकडचे लोक विदर्भाशी सामना म्हणजे धावांची सरासरी वाढवण्याची संधी समजत, आणि ते बोलणे वऱ्हाडी माणसाच्या काळजाला लागे.

अमरावतीहून अकोल्याला निघालो. दसरा नुकताच झाला होता. दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीवर कापूस फुटू लागला होता. मूर्तिजापूर आले. इथूनच एके काळी यवतमाळला आणि अचलपूरला ‘शकुंतला’ नावाची चिमुकली गाडी निघे. आता ती बंद आहे. पुढे थोड्याच वेळात मोर्णाकाठचे अकोला.

अकोला क्रिकेट क्लबचे नाव इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. संध्याकाळी मैदानावर दहाबारा वर्षांची मुले जाळीत सराव करीत होती. कठड्याला टेकून एक वयस्क गृहस्थ नातवाचा खेळ पाहत होते. मी विचारले, “काका, अभ्यासाचे काय?”

ते हसले. “अभ्यास बी करते नं जी! पहिले आमी म्हनत होतो, बॅट काय पोट भरते काय? आता तसं म्हनता येत नाई.”

तसे म्हणता येत नाही, याचे कारण २०१७ च्या डिसेंबरात घडले. अंतिम सामना दिल्लीशी, आणि तोही इंदूरच्या होळकर मैदानावर! फैज फजल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक साधली, अक्षय वाडकरने शतक ठोकले आणि २०१८ च्या पहिल्याच दिवशी विदर्भाने नऊ गडी राखून करंडक उचलला. त्याच सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेने रणजीत पहिले पाऊल टाकले. पहिलाच सामना, तो अंतिम, आणि तोच विजयाचा! नायडू ज्या गावी गेले, त्याच गावाहून करंडक विदर्भात आला.

पुढल्याच वर्षी सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो राखला. २०२४ साली मुंबईने वानखेडेवर अंतिम सामन्यात हरवले खरे. पण २०२५ मध्ये नागपुरात केरळविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीने तिसरे विजेतेपद मिळाले. अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाकडून सलामीला खेळला, अमरावतीचा जितेश शर्मा तर भारतीय संघापर्यंत पोचला.

अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. खांद्यावर किटची पिशवी घेऊन निवडचाचणीला निघालेल्या पोराला ही वाट अजून तुडवावी लागते. करंडक नागपूरच्या कपाटात गेला, त्याला हरकत नाही. पण मराठी घरांतल्या आईबापांना एवढेच सांगावेसे वाटते की, कधी वऱ्हाडात गेलात तर संध्याकाळी एखाद्या मैदानाच्या कठड्याशी थोडे थांबा. कापसाइतकेच भरघोस असे दुसरेही एक पीक तिथे डोलताना दिसेल.