दीड मिनिट

काळ्या पडद्यावर एकच ओळ, आणि तिच्या सुरुवातीला डावीउजवीकडे सरकणारे लाल तारे. डिस्क सापडण्याची वाट पाहतोय, एवढाच त्या ओळीचा अर्थ. पुढे सेकंद मोजले जात होते आणि त्यांची मर्यादाही लिहिलेली होती: 1 मिनिट 30 सेकंद. 2017 सालची गोष्ट. माझ्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत, डेबियन 9 सुरू व्हायची धडपड करत होतं. सर्व्हर सांभाळण्याचं काम मी तेव्हा नुकतंच शिकायला घेतलं होतं.

चूक अर्ध्या तासापूर्वी झाली होती. मशीनला मी 5 जीबीची दुसरी डिस्क जोडली होती. डिस्क म्हणजे लॅपटॉपवरची एक फाईलच. पण आतल्या डेबियनला ती खरी वाटते, आणि खऱ्या डिस्कशी वागावं तसंच ते तिच्याशी वागतं. पार्टिशन केलं, फॉरमॅट केली, आणि दर वेळी ती आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब या फाईलमध्ये तिचा यूयूआयडी लिहिला. हा यूयूआयडी म्हणजे 36 चिन्हांची लांबलचक माळ. नुसत्या कन्सोलवर माउसने कॉपी-पेस्ट करायची सोय नव्हती, म्हणून वहीत उतरवून घेतला आणि वहीवरून टाइप केला. माझ्या अक्षरात छोटा बी आणि 6 सारखेच दिसतात. एका जागी बीचा 6 झाला.

दीड मिनिट संपलं आणि डेबियनने इमर्जन्सी मोडमध्ये जायचं ठरवलं. तिथे संदेश आला की रूटचं खातं बंद असल्यामुळे आत जाता येणार नाही. एंटर दाबलं की पुन्हा तोच संदेश. इन्स्टॉल करताना रूटच्या पासवर्डची जागा मी रिकामी सोडली होती. तसं केलं की डेबियन ते खातं बंद ठेवतं आणि पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा अधिकार देतं. रोजच्या कामाला ही रीत चांगलीच आहे. पण दुरुस्तीच्या खोलीला रूटचाच पासवर्ड लागतो. घर आतून बंद आणि किल्लीही आतच.

सोपी वाट होती. डिस्क जोडण्याआधी मी स्नॅपशॉट घेतला होता. एक क्लिक केली असती तर मशीन तासाभरापूर्वीच्या स्थितीत गेलं असतं, जणू काही घडलंच नाही. आमच्या गावाकडे पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला वाळका भोपळा बांधत. त्याच्या जोरावर पोर खोल पाण्यात बिनघोर हातपाय मारी. स्नॅपशॉट हा तसाच भोपळा आहे, आणि नवशिक्याने तो बांधलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. भीती गेल्याशिवाय हात मोकळे होत नाहीत. पण त्या रात्री मला वाटलं की आत्ता मागे गेलो, तर हा संदेश का आला ते मला कधीच कळणार नाही.

खिडकीतल्या अशा आभासी मशीनवर बिनघोर चुकायची ही मोकळीक आपल्याला मिळाली ती फार जुन्या कामातून. 1960च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयबीएमच्या केंद्रात एकाच महागड्या यंत्रावर प्रत्येकाला स्वतःचं स्वतंत्र यंत्र असल्यासारखं वापरता यावं, अशी प्रणाली उभी राहिली. 1972मध्ये ती व्हीएम/370 म्हणून बाजारात जाहीर झाली. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमध्येच यासाठी सोय यायला मात्र 2005 उजाडलं. आजही कुणी विचारलं की व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत 64-बिटचे पर्यायच दिसत नाहीत, तर मी आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघायला सांगतो.

आणि डेबियनच का? 1993मध्ये इयान मर्डॉक यांनी ते सुरू केलं तेव्हापासून ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडत आलं आहे. त्याच्या ग्राफिकल इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात, आणि सतत बदलत्या, अस्थिर शाखेचं नाव कायमचं सिड आहे. सिड म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा. मला हे नाव फार आवडतं.

तर त्या रात्री. मशीन रीसेट केलं. ग्रबचा मेनू पाचच सेकंद थांबतो, आणि खिडकीत क्लिक केल्याशिवाय कीबोर्ड आत पोचत नाही. पहिल्या खेपेला तेवढ्यात मेनू निघून गेला. दुसऱ्यांदा ई दाबलं. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिटच्या जागी बॅश चालवायला सांगितलं आणि कंट्रोल-एक्स दाबलं. काही क्षणांत रूटचा प्रॉम्प्ट समोर, पासवर्ड न विचारता. एफएसटॅब उघडली, 6 पुसला, सेव्ह करायला गेलो तर नकार: फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती जोडलेली. त्याच ओळीत ‘आरओ’ ही दोन अक्षरं मी मघाशी पाहिली होती आणि सोडून दिली होती. आता त्यांचा अर्थ लागला. लिहिता येईल अशी पुन्हा माउंट केली, फाईल सेव्ह झाली. नेहमीची रिबूट कमांड चालेना, कारण जिने ती ऐकायची ती सिस्टीमडी सुरूच झाली नव्हती. सिंक दिलं आणि खिडकीतूनच पुन्हा रीसेट केलं. लॉगिनची ओळ आली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

एका रात्रीत बूट होण्याच्या सगळ्या पायऱ्या हाताखालून गेल्या: ग्रब, कर्नल, इनिट, माउंट. पुस्तकात त्या मी दोनदा वाचल्या होत्या. तेव्हापासून एफएसटॅबला हात लावला की रिबूटआधी ‘माउंट -ए’ देऊन बघतो, आणि जिच्यावाचून मशीन चालू शकतं अशा डिस्कपुढे ‘नोफेल’ लिहितो. दोन वर्षांनी एका कार्यालयात खरा सर्व्हर त्याच लाल ताऱ्यांवर अडकला. कुणीतरी एक डिस्क काढून नेली होती, फाईलमधली ओळ तशीच राहिली होती. मागे पाच माणसं उभी होती. बोटं आपोआप ई वर गेली.

आता रविवारी सकाळी चार-पाच मुलंमुली माझ्याकडे शिकायला येतात. गेल्या महिन्यात एकीने सुडोअर्सची फाईल व्हिसुडो न वापरता थेट नॅनोमध्ये उघडली आणि एक शब्द अर्धवट राहिला. सुडो बंद, रूट बंद.

“सर, स्नॅपशॉटवर जाऊ का?”

“जा ना. पण आधी दहा मिनिटं बघ.”

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि हात मांडीवर ठेवले. तिने रीसेट केलं, खिडकीत क्लिक केलं, ई दाबलं. ‘आरओ’ तिने लगेच ओळखलं आणि त्याच ओळीत ‘आरडब्ल्यू’ करून टाकलं. माझ्यापेक्षा एक पायरी वाचली. फाईल दुरुस्त झाली. मग हात थांबवून तिने विचारलं, “सर, पासवर्डशिवाय रूट मिळालं. मग माझ्या लॅपटॉपसमोर बसलेल्या कुणालाही मिळेल?”

मिळेल, म्हणालो. पुढच्या रविवारी ग्रबला पासवर्ड लावायचा आणि डिस्क एन्क्रिप्ट करून नवं मशीन उभं करायचं ठरलं. स्नॅपशॉट आधी घ्यायचा, हे तिनेच वहीत सर्वांत वर लिहिलं.