पॉपीचं शेत आणि पाहण्याचं वय

क्लोद मोनेचं १८७३ सालचं ‘पॉपीचं शेत’ हे चित्र पाहणाऱ्याच्या वयाबरोबर बदलत जातं. लहानपणी लाल फुलं तेवढी डोळ्यांत भरतात, तरुणपणी छत्रीवाली बाई आणि तिच्यासोबतचं मूल. बऱ्याच उशिरा ध्यानात येतं, की इथं धड रेखलेलं एकही फूल नाही. पॅरिसजवळच्या आर्जांतेयच्या या उतारावर आहेत ते नुसते रंगाचे ठिपके. त्यांना पाकळी नाही, आणि पुढचे ठिपके तर प्रमाण सोडून मोठे आहेत. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना उठाव देतात, हे शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९मध्येच सविस्तर मांडलं होतं. हिरव्यावरचा हा लाल तसाच पेटतो, आणि फूल पुरं होतं ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून मला वाटतं, या चित्राचा खरा विषय पाहणं हाच आहे.

यावर कोणी म्हणेल, ही घाईतली अर्धवट कामगिरी. १८७४च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात हे चित्र होतं, आणि त्या मंडळींवर टीकाकारांचा मुख्य आरोप हाच होता. पण रचना पाहा. बाई आणि मूल अशी एक जोडी चढावर आहे, तशीच दुसरी खाली, गवतात. दोन्हींमधली तिरपी रेघ नजरेला उतारावरून चालवत आणते. डावीकडे लाल दाटलेला, उजवीकडे फिकट निळसर हिरवा जवळजवळ मोकळा सोडलेला. असा तोल घाईत साधत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आर्जांतेयला कारखाने होते, रेल्वे होती, मग हे गोड ऊन म्हणजे पळवाटच नाही का? पण त्याच सुमारास मोनेने तिथला रेल्वेपूलही धुरासकट रंगवला. शिवाय पॉपी नांगरलेल्या, उकरलेल्या जमिनीत माजणारं तण. शेतकऱ्याच्या लेखी ती कटकटच. त्या शेतकऱ्याचे कष्ट इथं दिसत नाहीत, ही उणीव मला मान्य आहे. तरीही कॅलेंडरांवर आणि कपांवर छापून गुळगुळीत झालेलं हे चित्र शिळं होत नाही, कारण मोनेने निम्मं काम पाहणाऱ्यावर सोडलं आहे, आणि ते काम प्रत्येक वयात नव्याने करावं लागतं.